नडगीवरचा चार

एव्होराच्या प्रयोगशाळेत, तळमजल्यावर,
रात्री नवानंतर छापखाना चालतो.
कागद नाही, शाई नाही.
सुई गरम धागा सोडते: एक थर उभा, एक आडवा,
आणि सकाळपर्यंत साखरेच्या चौकोनाएवढी जाळी.
मी तिला परांची म्हणते.
कागदोपत्री तिचं नाव असं की उच्चारताना धाप लागते.

पहिली खेप फुकट गेली.
औषध एकाच रात्रीत सांडलं सगळं,
पगाराच्या संध्याकाळी सांडावं तसं.
दुसरी विरघळली, पण आंबट होत होत;
भोवतीच्या पेशी मेल्या.
मी त्या मोजल्या. मोजणं हे माझं काम.
अकराव्या खेपेला लिओनिल्द म्हणाली,
"ही जरा चिक्कू आहे. राहू दे."
रोज थोडं जेंटामायसिन, हात आखडून,
उधारी देणाऱ्या वाण्यासारखं,
पण रोज.

मग कुश्तोदिओ आला.
बुचाच्या झाडांची साल काढणारा, हाडाचा,
आणि नेमकं तेच मोडलेलं.
शिडीवरून पडला, नडगी मातीत उघडी पडली,
दीड वर्ष आतून पू.
दोनदा खरवडलं, दोनदा परत आला.
उरली दोन बोटं पोकळी.
सही करताना त्यानं विचारलं,
"हे काढायला पुन्हा चिरणार?"
नाही म्हटलं तर पटेना.
त्याच्या गावात बांधलेली परांची
कोणीतरी उतरवावीच लागते,
नाहीतर भाड्यावरून भांडणं होतात.

एक्स-रेत ती कधी दिसलीच नाही.
काळ्या फटीकडे बघायचं
आणि आत ती आहे असं धरून चालायचं.
सातव्या आठवड्यात कडेला धुकं.
चौदाव्यात धुकंच, जरा दाट;
डॉक्टर काही बोलले नाहीत.
मग आई आजारी पडली, मी दीड महिना नव्हते.
परत आले तेव्हा फट शोधावी लागली.

"माझा साखरेचा चौकोन कुठे गेला?"
"पाणी झालं त्याचं," लिओनिल्द म्हणाली, "आणि वायू."
"कुठून गेला?"
"नाकातून. तुम्हीच सोडलात, थोडा थोडा,
झोपेत, चढावर, बायकोशी भांडताना."
तो बराच वेळ
आपलाच श्वास ऐकत बसला.

साल काढली की त्या झाडाचं खोड
गेरूसारखं लाल, उघडं उभं राहतं.
त्यावर पांढऱ्या रंगानं वर्षाचा शेवटचा आकडा घालतात.
पुढे नऊ वर्षं कुऱ्हाड लावायची नाही.
कुश्तोदिओनं मला हे सांगितलं
रक्त काढताना, सुईकडे बघायचं नाही म्हणून.

शेवटच्या तपासणीला त्यानं पँट गुडघ्यापर्यंत सारली.
व्रणाच्या शेजारी, भिंतीच्या रंगानं,
जरा वाकडा,
चार.
डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा उचलला.
"राहू द्या," मी म्हणाले, त्यानं म्हणायच्या आत.
मग नडगी दाबून पाहिली, वरून खाली,
दुखतं का विचारत.
हातमोज्याला पांढरं लागलं.
ओला होता अजून.
म्हणजे बाहेर गाडीतच काढला असणार.