डावी बाजू

आधी वाटलं, ठिणगी असेल.
वेल्डिंगच्या ठिणग्या कुठूनही शिरतात,
कॉलरमधून, बटणांच्या फटीतून.
सव्वीस वर्षांत मी त्या मोजणं सोडलंय.
पण ही आतून लागली होती.
तीन दिवस नुसती आग, वर कातडी कोरी.
हनीफ मुकादम म्हणाला, मुतखडा. पाणी पी.
सोहारचा जून. पाणी नळातूनच उकळून येतं.

चौथ्या दिवशी दाणे उठले
डाव्या बरगडीखालून पोटाकडे,
पाण्यानं टचटचलेले, एकाला एक खेटून,
आमच्या खोलीतल्या खाटांसारखे.

हनीफनं गंजीफ्रॉक वर करून पाहिलं
नि हात मागे घेतला.
"नागीण रे ही. तोंड नि शेपूट जुळू देऊ नको."
दापोलीला त्याच्या मामीला गेरू लावला होता.
इथे गेरू कुठला?
तो गोदामातून रेड ऑक्साईडचा डबा घेऊन आला,
डब्यावरचं वाचलं, स्वतःशीच हसला,
नि परत ठेवून आला.

डॉक्टर इजलाल सुदानच्या.
त्यांचं बोलणं शीजा सिस्टर तुटक हिंदीत माझ्यापर्यंत आणायची.
लहानपणी अंगावर असे फोड आले होते का?
कांजिण्या.
मला एकदम शेवंताताई दिसली,
कडुनिंबाच्या पाल्यावर निजलेली,
नि तिच्या ताटलीतला उष्टा पेरू
जो आईची नजर चुकवून मी खाल्ला होता.

तेव्हाची ती गेलीच नाही, म्हणाल्या.
कण्याशेजारी, एका नसेच्या मुळाशी
गप्प पडून होती.
चव्वेचाळीस वर्षं!
माझ्याबरोबर विमानात बसली,
इमिग्रेशनच्या रांगेत उभी राहिली.
रक्त घेतलं, छातीचा एक्सरे काढला, दहा बोटांचे ठसे,
जुबेल, रुवैस, सोहार,
दर मेडिकलला मी फिट.
थकव्याची वाट बघत असते म्हणे. वयाची.
बरगड्यांवरचा पहारा ढिला पडण्याची.

मी भीत भीत तोंडा-शेपटीचं विचारलं.
डॉक्टरबाईंनी चिठ्ठीच्या पाठीवर एक माणूस काढला,
माझ्यासारखाच, थोडं पोट सुटलेला,
नि बेंबीतून उभी रेघ मारली.
एक नस, एक बाजू.
ही रेघ ती सहसा ओलांडत नाही.
म्हणजे जुळायचा प्रश्नच नाही.

गोळी दिवसातून पाचदा.
हनीफ म्हणाला, सोपं आहे, अजान झाली की घे.
अंतरं सारखी पडली नाहीत,
पण एकही चुकली नाही.
रात्री पंख्याचा वारासुद्धा लागायचा त्या जागी.
चादर नको, बनियन नको,
वरच्या खाटेवरच्या पोराचं कूस बदलणं नको.

अठराचं तिकीट होतं.
केतकीला सातवा.
खपल्या धरेपर्यंत पोटुशीपासून लांब राहा,
शीजानं सांगितलं,
तिला कांजिण्या येऊन गेल्या नसतील तर.
गेल्यात ना?

मी बाप.
मला ठाऊक नव्हतं.

फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी.
"आल्या होत्या की. सहा वर्षांची होती.
अकरा दिवस तापानं फणफणली होती.
तुम्ही तेव्हा जुबेलला.
कशाला सांगायचं, उगीच जीवाला घोर,
नि कॉलचे पैसे."
मग जरा थांबून,
"कपाळावर एक खड्डा आहे तिच्या, डाव्या भुवईवर.
तुम्ही विचारलं होतंत एकदा.
मी म्हटलं, पडली."

तो खड्डा मी पाहिलाय.
लग्नात तिथेच अक्षता अडकली होती.

म्हणजे तिच्याही कण्याशेजारी
आता असेल निजून,
माझ्या नसण्याच्या त्या अकरा दिवसांतलं काहीतरी.
मी तिकीट पुढे ढकललं तरीही.
हनीफ म्हणाला, येडा आहेस, तिला काही होत नाही.
असेन.

बाहेर अस्रची अजान झाली.
पाचांतली तिसरी.
पाणी कोमट होतं. गिळली.