झाकण

मागच्या लाटेत माझं नाक गेलं होतं.
बावीस दिवस
हर्णैच्या बंदरात बसून
सुकटीचा वास नाही.
कुणालाही हसू आलं असतं,
पण हसायला तेव्हा दारात कोणी यायचं नाही.

तेव्हापासून सवयच लागली,
उठलं की आधी डब्याचं झाकण काढायचं,
दोन बोंबील नाकाशी धरायचे.
आला वास? चला, चहा ठेवा.

परवा आशाताई आली, अक्षता,
बोटाला चिमटा लावून म्हणाली,
या खेपेचा वेगळा आहे हो, पावसेवहिनी,
याच्यात वास जात नाही.

मग कळायचं कसं?
म्हणाली, घसा धरतो. अंग मोडतं.
अंग तर टोपल्या उचलून रोजच मोडतं.

दिराचा नितेश आलाय ठाण्याहून.
घरात आलाच नाही,
शाकारलेल्या होडीत पथारी टाकलीन.
ओहोटीला मी चिखल तुडवत जाते,
डबा दोरीला बांधते, तो वर ओढून घेतो.
वरूनच ओरडतो,
काकू, कालवणात आमसूल जास्त झालंय.

चव आहे म्हणजे.
त्याला आता काही अर्थ नाही,
तरी परतताना पाय हलके पडतात.

रात्री ओट्यावर बसून
त्याचा खोकला मोजते.
चार. पाच.
मग मतलई सुटते,
माझ्या पाठीवरून समुद्राकडे जाते,
सहावा आला की नाही,
तिकडचं इकडे काही येत नाही.

सकाळी झाकण काढते.
वास येतो, चांगला दणकून.
मी डबा लावत नाही लगेच.