उशिरा आलेल्यांची वही

फतेगंजातल्या चॅपलमागच्या हॉलात
घडी घातलेल्या शाली, अकरा.
न्यायमूर्ती झालेला राजोपाध्ये,
मूत्रपिंडं बदलणारी दिनाझ,
नौदलातला फुर्तादो –
फादर नावं वाचत गेले,
चहा निवत गेला.

शेवटी इग्नास मकवाण, घंटेवाला.
एकेचाळीस वर्षं फाटकात उभा राहून
उशिरा आलेल्यांची नावं घ्यायचा वहीत,
पेन्सिलीनं.
माझं तर रोजच. कधी सायकलची चेन, कधी बापाची दारू.
कारण विचारायचा नाही.

शाल खांद्यावर पडताच नजर घड्याळाकडे.
मग माइकपाशी वाकून म्हणाला,
"यातले सात जण माझ्या वहीत होते.
खोडलेत."

आम्ही हसलो. राजोपाध्ये जरा जास्तच.
तेवढ्यात पावणेपाच झाले
आणि तो शालीसकट उठून गेला व्हरांड्यात,
दोरी शोधत,
जिथे आता बटण आहे.