त्र्याण्णव मीटर

त्बिलिसीच्या बँकेनं अकरा संगणक दान दिले,
देताना प्रत्येकाची डिस्क तेवढी काढून घेतली.
खातेदारांची गुपितं होती म्हणे त्यांत.
आमच्या स्वानेतीच्या शाळेत खोकी उघडली
तर डिस्कच्या जागी स्क्रूंची चार भोकं
आणि बोटभर धूळ.

मुख्याध्यापक म्हणाले, ही तर अक्रोडाची टरफलं.
म्हटलं, असू देत. गर एकच पुरेल, वाटून खाऊ.

गर ठेवला इमेदाच्या चीजच्या खोलीत,
दुधाच्या पिंपांमागे, वर मेणकापड,
कारण ओढ्यावरचं जनित्र तिथं आहे
आणि बाकी गावची वीज जानेवारीपासून रुसलेली.
तिथून शाळेपर्यंत केबल: त्र्याण्णव मीटर.
शंभरापुढे भरवसा नाही, असं वाचलं होतं,
म्हणून तीनदा मोजली,
एकदा दोरीनं, दोनदा पावलांनी.

सकाळी बटण दाबलं की प्रत्येक यंत्र
रिकाम्या डोक्यानं उठतं, तारेत ओरडतं:
मी कोण? कुणी सांगेल का?
पिंपांमागून उत्तर येतं: तू शावा. तू वार्दा.
(नावं मुलांनी ठेवली, गावातल्या गाईंची.)
मग पत्ता, मग कर्नल,
मग मूळ डिरेक्टरी, अकरांत मिळून एक,
वाचायला मोकळी, लिहायला बंद.
लिहायला ज्याचं त्याचं घर. तेही तिकडेच, पिंपांमागे.
म्हणून झाइरा सोमवारी शावावर बसते,
मंगळवारी वार्दावर,
आणि तिनं काढायला घेतलेला घोडा
दोन्हीकडे तिची वाट बघत असतो,
तीन पायांवर.

मुख्याध्यापकांना रूट व्हायचं होतं.
केलं. पासवर्ड कागदावर लिहून दिला.
ते थाटात मुलांची घरं उघडायला गेले.
पण इथला रूट तारेपलीकडे गेला
की 'कोणीच नाही' होतो,
तशी नोंदच आहे सर्व्हरवर.
परवानगी नाकारली.
दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं,
हे मंत्रालयात लावता येईल का?

फेब्रुवारीत, चौथ्या तासाला,
चीजच्या खोलीच्या छपरावरचा बर्फ एकदम घसरला.
अकराही पडदे जागच्या जागी.
घड्याळ बारा अठरावर.
माझ्या पडद्यावर एकच ओळ:
सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे.

बेक्नूचं बोट बटणाकडे गेलं. मी ओरडले, हात नको!
जोडणी दोन तऱ्हेची असते.
मऊ जोडणी थोडा वेळ थांबते,
मग 'नाही मिळालं' म्हणून हात झटकते.
कडक जोडणी सोडत नाही, आणि सुटूही देत नाही.
मी कडक निवडली होती. शहाणपणानं नव्हे,
गेल्या वर्षी मऊवर
गुरामचा निबंध अर्धा कोरा निघाला, म्हणून.

पक्कड घेऊन निघाले, केबलवर हात ठेवून.
बासष्टाव्या पावलाला हात बर्फात गेला.
आठ धागे. बोटं बधिर,
हिरवा कुठला, निळा कुठला, कळेना.
इमेदा छत्री धरून उभा राहिला,
छत्रीचा उपयोग शून्य,
पण तो रंग मोठ्यानं वाचत होता.

परत आले तर पन्नास मिनिटं झाली होती.
कुणी जागचं हललं नव्हतं.
सर्व्हर ठीक आहे, अशी ओळ आली
आणि वार्दाच्या पडद्यावर अक्षरं भसाभस सांडली.
झाइरा सगळा वेळ
मेलेल्या पडद्यावर टाइप करत बसली होती:

बाई बाहेर गेल्या. टोपी इथेच राहिली. टोपी लाल आहे.
आता बाई दिसत नाहीत.
आता काय लिहू. आता काय लिहू.
इमेदाकाका छत्री घेऊन चाललेत.
छत्री उलटी झाली.
बाई दिसल्या.

मी एका हातानं कान चोळत
दुसऱ्यानं शुद्धलेखन तपासलं.
दोन चुका. राहू दिल्या.