दहा दिवस रियाज बंद

दौलतगंजात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
दुपारभर फरशी थरथरते.
नव्याने येणाऱ्याला वाटतं, आपलंच अंग कापतंय.
मी म्हणते, गिरणी आहे. पालथे व्हा.

अण्णा आखाड्यात पैलवानांची अंगं रगडायचे.
मला शिकवलं ते एवढंच :
आधी हात ठेवायचा. नुसता.
तीन श्वास जाऊ द्यायचे.
मग अंगच सांगतं कुठे दाबायचं ते.
तोंडाचं ऐकू नकोस,
तोंडाला पंचांची भीती असते.

बिंदिया तोमरला विचारलं दुखतंय का,
तर ती "नाही" म्हणते
आणि तिच्या पायाची बोटं चादर पकडतात.
मांडीच्या मागे ओल्या सुंभाचा पीळ.
मंगळवारी हॉकीची निवड आहे,
मंगळवारपर्यंत तिला काहीच दुखणार नाही.
मोघेबाईंच्या टाचांनी पन्नास वर्षं जमिनीशी वाद घातला,
आता मी तळवा दाबते तेव्हा
त्या तोंडातल्या तोंडात तिहाई म्हणतात
आणि समेवर हटकून थांबतात, पुढचं विसरल्यासारख्या.

तौफीक आला तो माघातल्या एका संध्याकाळी.
सारंगी बरोबर नव्हती.
उजव्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला,
"गज चलाते-चलाते जकड गया, दीदी."
मोहरीचं तेल कोमट केलं, ओवा टाकून.
हात ठेवला.

गज ओढणाऱ्याची गाठ फऱ्याच्या आतल्या कडेला असते,
शोधावी लागते.
ही वर होती, मानेच्या उतारावर,
आणि डावीकडेही तशीच, जुळी.
पट्टा जिथे बसतो तिथे.
पाठीवरच्या चौकोनी पेटीचा पट्टा,
जेवणाचे डबे नेणाऱ्या पोरांच्या पाठीवर असते ती.
कातडीवर त्याची लाल रेघ होती अजून.

तपासायच्या निमित्ताने मी त्याचा डावा हात घेतला.
सारंगीची तार बोटाच्या पेरावर नाही,
नखाच्या मुळाशी घासते.
तिथे खाच पडते, कातडी शिंगासारखी होते.
याच्या वडिलांची बोटं मी पाहिली होती,
तीन बोटांना तीन काळ्या खाचा,
भात कालवतानासुद्धा दिसायच्या.
याच्या खाचा भरत आल्या होत्या.
गुलाबी, मऊ,
बाळाच्या टाळूसारखी नवी कातडी.
सहा महिने? सात?

खाली गिरणी थांबली. वीज गेली असावी.
बराच वेळ मी नुसती अंगठा फिरवत राहिले.

मग म्हटलं,
रियाज फार होतोय तुझा.
दहा दिवस बंद ठेव.

अर्धा तास जी अंगठ्याला दाद देत नव्हती,
कोपरालाही नाही,
ती गाठ सुटली.
माझ्या हाताखाली, आपली आपण,
गाय बसते तशी, आधी पुढून मग मागून.
तो रडला वगैरे नाही.
उशीत तोंड ठेवून एवढंच म्हणाला,
"जी. कम करता हूँ."

कलावंतांना अर्धे पैसे, असं पाटीवर लिहिलंय.
त्याने पूर्ण पुढे केले.
मी अर्धे परत दिले.
ती नोट आमच्या दोघांच्या मध्ये
जरा जास्तच वेळ राहिली.
घेतली त्याने.
जिन्यात हेल्मेटचा पट्टा खट्कन लागला,
मी तेलाची वाटी पुसत होते.

अण्णा म्हणायचे, खोटं बोलणाऱ्याचे हात लवकर जातात.
त्या रात्री माझा अंगठा ठणकला खरा,
पण तो तसाही ठणकतो, थंडीत.

आज चौदावा दिवस.
बिंदियाला राखीव खेळाडूंत घेतलंय,
ती पेढे घेऊन आली आणि पेढे देताना लंगडली.
मोघेबाईंना सम सापडते, पुढचं नाही.
गिरणी चालू आहे.
जिन्यात पाऊल वाजलं की मी दार उघडते
आणि आधी डावा हात बघते,
मग चेहरा.