तिसावा दिवस

टेकडीपलीकडे नेटवर्क पोचत नाही,
म्हणून ओयरिग अर्ज भरायला माझ्याकडे येते,
गमबूट दाराबाहेर काढून,
कोटाच्या खिशात वासरांचे पासपोर्ट.
त्यांना अजून चिकाचा वास.

वासरू युइस्ट बेटावरच जन्मलं का? हो.
मांसाच्या जातीचं? बापाकडून तरी नक्की,
वळू रुआरीचा, आठवडाभर उसना आणलेला.
जन्मानंतर सलग तीस दिवस
याच जमिनीवर होतं का?

ती खिडकीकडे बघते.
दूअकचा गोऱ्हा एकोणतिसाव्या रात्री
दलदलीत रुतला.
पहाटे दोर लावून ओढून काढला तेव्हा
कानांतले पिवळे बिल्ले तेवढे स्वच्छ होते.

मी म्हटलं, तारखेचा रकाना माझ्या हातात आहे.
एका आकड्याचा तर प्रश्न.
एडिनबरात कोणाला कळणार
मंगळवार होता की बुधवार?

"दूअकला कळतं," ती म्हणाली.
मग बराच वेळ काहीच नाही.
चहावर साय धरली.

अपात्र.
लालसुद्धा नाही, करड्या अक्षरांत,
आणि लगेच खाली: पुढील जनावर जोडा.

तिने पुढचा पासपोर्ट काढला,
तळव्याने घडी सरळ केली,
आणि विचारलं, खाली कुठे
लिहायला जागा असते का रे,
की याच्या कपाळावर पांढरा टिळा होता
आणि पिताना शेपूट
घंटेच्या दोरीसारखी हलायची?

जागा नव्हती.
तरी मी माउस खालीवर फिरवत राहिलो,
शोधल्यासारखा.