बिनमिठाची भाकरी

सावद्याच्या भुईकाट्यावर आठवडाभर मी ट्रक तोलतो.
भरलेला, रिकामा. मधली वजाबाकी म्हणजे केळी.
माझ्या पावतीशी कुणी हुज्जत घालत नाही.

रविवारी पहाटे मोटारसायकल पालच्या रस्त्याला लागते.
पिशवीत नायलॉनचा दोर, दोन गळ,
मोरपिसाच्या देठाचा तरंगा
आणि फडक्यात कळण्याची एक भाकरी.
घरात तीन पिढ्यांची तुळशीची माळ,
म्हणून निघताना सांगतो, डोंगरात जातो, हवा चांगली असते.
खोटं नाही.
हवा चांगलीच असते.

नदीचं नाव सुकी.
ज्यानं ठेवलं तो मे महिन्यात आला असावा.
आश्विनात ती सागाच्या मुळांना घासत येते, गुडघाभर,
आणि वळणावर काळ्या खडकाखाली
एकदम गप्प होते. तो डोह.
भाकरी मळून बोराएवढी गोळी करायची,
गळाचं टोक झाकायचं, पण पुरतं नाही,
आणि सूर्याकडे तोंड करून बसायचं,
म्हणजे आपली सावली मागं पडते, पाण्यावर नाही.
हे सुभान तडवीनं शिकवलं.
तो पलीकडच्या दगडावर असतो,
कल्ल्यांतून वेल ओवलेले चार मासे शेजारी पाण्यात ठेवून.

मग काहीच होत नाही.
तासभर काहीच होत नाही.
खंड्या येऊन जातो, म्हशी येऊन जातात,
बाजारभाव, सुनेचं बाळंतपण, काट्याचं परवाना-नूतनीकरण
एकेक करून येतं आणि तरंग्याशेजारी बुडतं.
आणि तरंगा
एकदा मान हलवतो, नुसती,
जसं कुणी झोपेत हो म्हणावं.

दोर बोटाला कापतो.
खडशी खाली खडकाकडे ओढते, मी वर,
आणि ती निघते तेव्हा
पितळी खवल्यांची, हातभर, रागावलेली.
ओल्या हातानं धरतो. गळ सोडवतो.
परत पाण्यात.

‘काढला कशाला मग?’ सुभान दर वेळी विचारतो.
अकरा वर्षं झाली.
‘किती भरला असता?’ हेही विचारतो,
काट्यावरचा माणूस म्हणून.
मी म्हणतो, रविवारी काटा बंद असतो.
तो हसतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तसंच राहतं.

परतताना एखाद्या बागेच्या बांधावर थांबतो,
तोडलेल्या केळीच्या खुंटाचा रस हाताला चोळतो.
चिकानं कफावर डाग पडतात,
पण केळीचा डाग आमच्याकडे कुणाला दिसतो?

परवा कुमुदिनीनं धुण्यातून हात झटकन बाहेर घेतला.
अंगठ्यावर रक्ताचा थेंब,
आणि सदऱ्याच्या खिशातून निघालेला गळ, आठ नंबरचा.
मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही.
तिनं अंगठा चोखला, गळ पुसला,
देव्हाऱ्याकडे पाठ करून माझ्या हातावर ठेवला.
‘ती शेवटची भाकर बिनमिठाची राहते,
कधी खाल्ली असती त समजलं असतं तुम्हाले,’ म्हणाली.
‘आता मासोयांले मीठ चालते का नई,
मले काय ठाऊक.’
आणि उरलेलं धुणं पिळायला लागली.

मी अकरा वर्षांच्या भाकऱ्या मोजायला गेलो,
बावन्न गुणिले अकरा, उणे पावसाळे, उणे लग्नसराई,
आणि मध्येच सोडून दिलं.

आज डोहावर धुकं आहे. सुभान आलेला नाही.
भाकरीचा एक तुकडा आधी तोंडात टाकला.
खरंच अळणी.
दुसऱ्या तुकड्याला आलेल्या खडशीच्या ओठाला
जुना पांढरा वण होता. माझाच असेल, नसेल.
तिला पाण्याखाली दोन्ही तळव्यांवर धरलं, तोंड प्रवाहाकडे.
मग तळवे उघडले.
ती गेली नाही लगेच.
थोडा वेळ
तशीच राहिली,
कल्ले उघडत, मिटत.